कार्ड मी बदललं

"काय बदललं?"

दारातून आत आल्यावर नमस्कार नाही, पाणी नाही, आधी हा प्रश्न. आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, "काही नाही, काका." मग ते पायातले बूट काढून बाजूला ठेवत आणि म्हणत, "काहीतरी बदललंय. आपोआप फक्त केस पिकतात."

आमच्या ऑफिसचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क ते बघायचे. ऑफिसात खुर्च्यांची कमी नव्हती, पण ते कधी खुर्चीवर बसले नाहीत. पॅन्ट्रीला लागून एक कोनाडा होता, त्यात सर्व्हर. त्याच्यासमोर रद्दीतलं वर्तमानपत्र अंथरून ते मांडी घालून बसत. तेही कुठलंही पान चालायचं नाही. पानं उलटत राहायचे. मी एकदा विचारलं, एवढं काय शोधताय, तर म्हणाले, "ज्यावर माणसाचा फोटो नाही असं पान. माणसाच्या तोंडावर कसं बसायचं?" बहुतेक वेळा टेंडर नोटिसांचं पान मिळायचं. त्यावर बसून हा माणूस तासन्‌तास एकेक वायर हातात धरून बघायचा. वैद्य नाडी बघतो तशी.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस येत असेल. काही अडलं की आपल्याला त्याची आठवण होते आणि सगळं सुरळीत चालू असेपर्यंत तो आहे हे लक्षातही नसतं. आम्हीही तसेच होतो.

ते तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. राहायला डोंबिवली पूर्वेला. पूर्वी तिथल्याच एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा वय चाळीस. मग कॉम्प्युटर हार्डवेअरचा क्लास लावला. "सगळी बारावीतली पोरं. सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तो मला अंकल म्हणायचा, मी त्याला सर म्हणायचो," असं सांगून स्वतःच हसायचे. ठाणे ते डोंबिवली अशी आठ-नऊ ऑफिसं त्यांच्याकडे होती. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या स्टीलच्या डब्यातून आमच्यासाठी खीर आणायचे आणि सगळ्यांची खाऊन होईपर्यंत कोणाच्या कॉम्प्युटरला हात लावायचे नाहीत.

एक गोष्ट सांगते, म्हणजे माणूस कळेल. एका महिन्यात आमचं नेट रोज सकाळी अकराला बंद पडायचं. पाच-दहा मिनिटांनी आपोआप सुरू. नेटच्या कंपनीकडे तक्रारी झाल्या, राउटर बदलून झाला. शेवटी काका एके दिवशी साडेदहालाच आले आणि कोनाड्यात नुसते बसून राहिले. अकरा वाजता पॅन्ट्रीतल्या मावशींनी एक प्लग काढला, चहाच्या किटलीचा तिथे खोचला आणि नेट गेलं. साहेब केबिनमधून ओरडले, "सापडलं का?" काका म्हणाले, "सापडलं साहेब, एक कनेक्शन लूज होतं." दुसऱ्या दिवशी येताना एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आले आणि मावशींना हळूच म्हणाले, "मावशी, तुमच्या चहाला आपण वेगळी लाइन टाकलीये. आता बिनधास्त." मावशींना कळलंसुद्धा नाही, की महिनाभर आपण अख्खं ऑफिस बंद पाडत होतो. मला कळलं, कारण मी शेजारीच झेरॉक्स काढत होते. माझ्याकडे बघून त्यांनी, सांगू नका, अशी फक्त मान हलवली.

आता जे सांगायचं आहे त्याच्याकडे येते. ते सांगताना माझी बाजू चांगली दिसणार नाही. दिसूही नये.

आमचं ऑफिस ठाण्यात माजिवड्याला. इमारतींचे खांब, तुळया, स्लॅब किती भार घेतील याचं गणित आम्ही करतो. नव्या इमारतींचं डिझाइन आणि जुन्यांची तपासणी. मी तिथे इंजिनिअर. हे गणित ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्याचं लायसन्स आमच्या सर्व्हरवर होतं. आपण आपल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर उघडलं, की ते आधी नेटवर्कवरून सर्व्हरला विचारतं, किल्ली आहे का? सर्व्हर हो म्हणाला तर उघडतं. नाही म्हणाला किंवा बोललाच नाही, तर पडद्यावर एक लाल चौकट येते आणि काम संपलं.

त्या पावसाळ्याच्या शेवटी शेवटी सर्व्हर फार त्रास द्यायला लागला. मध्येच संबंध तुटायचा. तासाभराचं काम सेव्ह होता होता जायचं. काकांनी बघितलं आणि सांगितलं, नेटवर्क कार्ड चाललंय. कार्ड म्हणजे सर्व्हरच्या पोटात खोचलेली तळहाताएवढी पट्टी. ऑफिसातली मुख्य वायर तिच्यात येते. साहेबांनी मात्र बजावलं होतं, "महिनाअखेरपर्यंत सर्व्हरला हात लावायचा नाही. तीन रिपोर्ट जायचेत. नंतर काय ते करा."

एका दुपारी साहेब साइटवर गेले होते. माझं काम तिसऱ्यांदा उडालं. मी रडकुंडीला आलेले. काका दुसऱ्या कामासाठी आले होते, त्यांना मी म्हटलं, "काका, ते कार्ड आत्ताच बदलून टाका ना. जेवणाच्या सुट्टीत."

"साहेब नको म्हणालेत, ताई."

"साहेबांना मी सांगते. माझी जबाबदारी."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि बूट काढले. वीस मिनिटांत नवीन कार्ड बसवलं, वायर त्यात लावली. जुनं कार्ड तसंच शेजारी राहू दिलं. "अजून थोडं जिवंत आहे, असू दे आत," म्हणाले. त्या दिवसापासून सर्व्हर असा पळायला लागला की विचारू नका. आणि साहेबांना सांगायचं मी आज-उद्या, आज-उद्या करत राहिले. सगळं छान चाललंय, आता मुद्दाम कशाला विषय काढायचा, असं वाटलं.

दहा दिवस गेले.

त्यातल्या शेवटच्या शनिवारी साहेब आणि मी कोपरीत एक इमारत बघून आलो. चार मजली, जुनी, बावीस कुटुंबं. तळमजल्याला पिठाची गिरणी. गिरणीवाल्याने दाखवलं, समोरच्या कोपऱ्यातल्या खांबाचं प्लास्टर पडलं होतं आणि आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या. आम्ही मापं घेतली, फोटो काढले. सोमवारी गणित करून सांगतो, टेकू देऊन भागेल की इमारत रिकामी करावी लागेल, असं साहेबांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. ते निवृत्त शिक्षक होते. हात जोडून म्हणाले, "साहेब, रिकामी करायची वेळ आणू नका. एकदा बाहेर पडलो की परत कधी येऊ, कोणाला माहीत."

रविवारी आमच्या बिल्डिंगमधली वीज बराच वेळ गेली होती. सोमवारी सकाळी मी सॉफ्टवेअर उघडलं आणि लाल चौकट आली. लायसन्स मिळत नाही. शेजारच्या कॉम्प्युटरवर तेच. सगळीकडे तेच.

काका दहाला पोहोचले. साहेब कोनाड्यापाशीच उभे होते.

"काय बदललं?"

"काही नाही," मी म्हणाले.

साहेब समोर होते म्हणून म्हणाले, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण खरं म्हणजे त्या क्षणी ते कार्ड मला आठवलंच नाही असं नव्हतं. आठवलं, आणि दहा दिवस तर सगळं नीट चाललंय, त्याचा काय संबंध, असा विचारही त्याच सेकंदात करून झाला. काकांनीही कार्डाचं नाव काढलं नाही. त्यांनाही तसंच वाटलं असणार. ते मांडी घालून बसले.

मग जो दिवस सुरू झाला, तो आजही माझ्या अंगावर येतो.

सर्व्हर चालू होता. फायली उघडत होत्या. आमचे कॉम्प्युटर सर्व्हरला हाक मारत होते, तो ओ देत होता. फक्त किल्ली द्यायची वेळ आली की गप्प. काकांनी आधी अँटीव्हायरस बंद करून बघितला, त्याने वाट अडवली असेल म्हणून. मग फायरवॉल. मग लायसन्सची सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू केली. मग सर्व्हरचं नाव, पत्ता, घड्याळ. प्रत्येक गोष्टीनंतर ते वळून म्हणायचे, "ताई, बघा बरं." मी क्लिक करायचे. लाल चौकट. "नाही, काका." परत, "ताई, बघा बरं." परत लाल चौकट. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती. मी लायसन्स देणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनवर दोन वेळा फोन केला. तिकडचा मुलगा अतिशय गोड आवाजात म्हणाला, तक्रार नोंदवली आहे, दोन कामाच्या दिवसांत आमचा प्रतिनिधी संपर्क करेल.

साडेअकराला सेक्रेटरींचा फोन आला. खांबाची चीर वाढलीये असं वाटतंय.

"वाटतंय म्हणजे?" साहेब म्हणाले.

"काल बोट जात नव्हतं. आज जातंय."

साहेबांनी फोन ठेवला आणि कोनाड्याकडे आले. "किती वेळ?"

"बघतोय साहेब."

"बघताय काय? दीड तास बघताय!"

मी हळूच म्हटलं, "सर, हाताने अंदाज काढून आपण सांगू शकतो ना, तात्पुरतं?"

ते माझ्यावर खेकसले. "अंदाजावर बावीस घरं रस्त्यावर आणू? मागच्या वेळी काय झालं माहीत आहे ना?" मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी एका इमारतीबद्दल त्यांनी असंच अंदाजाने लिहून दिलं होतं. लोकांनी त्यांना बिल्डरचा माणूस ठरवलं, कोर्टात खेचलं. त्या प्रकरणात साहेबांची झोप गेली होती. वाईट माणूस नव्हेत ते. घाबरलेले होते.

बारा वाजून गेले असतील. काका एकदम हलायचे थांबले. पडद्यावर लायसन्सची फाइल उघडी होती आणि ते तिच्यातला एक लांबलचक क्रमांक बोट ठेवून वाचत होते. मग त्यांनी सर्व्हरचं झाकण उघडलं, आत वाकून बघितलं. बराच वेळ तसेच वाकून राहिले. उठले ते गुडघ्यावर हात टेकून, म्हाताऱ्यासारखे.

"साहेब, सापडलं."

प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक कायमचा क्रमांक मिळालेला असतो. आमचं लायसन्स त्या जुन्या कार्डाच्या क्रमांकाशी बांधलेलं होतं. वायर नव्या कार्डात गेली तरी जुनं आत जिवंत होतं, म्हणून लायसन्सला त्याचा क्रमांक दिसत होता. रविवारी वीज गेली, परत आली, पण जुनं कार्ड काही उठलं नाही. क्रमांक गेला आणि त्याच्याबरोबर किल्ली गेली.

"जुनं कार्ड? म्हणजे नवीन कोणी बसवलं?" साहेबांनी विचारलं.

मी माझ्या खुर्चीत होते, त्यांच्यापासून चार हातांवर. उठायचं आणि दोन शब्द बोलायचे, एवढंच होतं.

"कार्ड मी बदललं," काका म्हणाले. "दहा दिवस झाले. माझ्या मनाने."

"मी नको म्हटलं होतं!"

"हो साहेब."

साहेब जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. काका खाली बघून ऐकत होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे नजर वळवली नाही. कोणाला संशय येऊ नये म्हणून वळवली नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि तरी मी बसून राहिले.

तेवढ्यात परत फोन. साहेबांनी रागाच्या भरात तो स्पीकरवर घेतला. सेक्रेटरींचा आवाज ऑफिसभर घुमला. "साहेब, पहिल्या मजल्यावरच्या पाटलांचं दार लागत नाहीये. सकाळी लागत होतं. आता चौकटीत बसतच नाही."

"पावसाने लाकूड फुगलं असेल," साहेब म्हणाले. "सुताराला दाखवा तोवर. मी तासाभरात..."

"सुतार नको!"

नऊ वर्षांत आम्ही काकांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. साहेबांनीही नाही. काका त्यांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, माणसं खाली आणा. आत्ता."

"तुम्ही मध्ये बोलू नका. तुमच्यामुळे थांबलोय आपण."

"माझ्यामुळेच थांबलोय. मला काय ते नंतर बोला, काढून टाका. पण किल्लीसाठी माणसं वर ठेवू नका." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "कल्याणला आमच्या आईच्या घराचं दार असंच लागेना झालेलं. आम्हाला काय कळतंय? आम्ही सुतार बोलावला. बिचारा पाऊण तास दार तासत होता. मी त्याच्यासाठी चहा आणायला खाली गेलेलो."

"परत आलो तर वर जायला जिनाच नव्हता," ते म्हणाले.

स्पीकरवर सेक्रेटरी "हॅलो, हॅलो" करत होते. साहेबांनी फोन उचलून कानाला लावला. "सर, सगळ्यांना खाली उतरवा," ते म्हणाले. "हो. सगळ्यांना. सामान नको, काही नको. गिरणी बंद करा. लिहून मी देतो, मी येतोच आहे तिथे." गाडीच्या किल्ल्या घेऊन ते धावतच जिना उतरले.

काका परत कोनाड्यात जाऊन बसले. जुनं कार्ड बाहेर काढलं. म्हणाले, "ताई, खोडरबर आहे का?" मी ड्रॉवरमधून दिला. कार्डाच्या कडेला सोनेरी दातांसारखी रांग असते, ती ते खोडरबराने घासायला लागले. हलक्या हाताने, एकेक दात. घासायचे, फुंकायचे, खोचायचे, सर्व्हर सुरू करायचे. दिवा लागायचा नाही. परत काढायचे.

"काका, मी साहेबांना सांगते," मी म्हटलं.

"आत्ता नको. आत्ता त्यांना गाडी चालवू दे."

तिसऱ्या वेळी कार्डावरचा हिरवा दिवा लागला. मी क्लिक केलं आणि सॉफ्टवेअर उघडलं. शनिवारची मापं मी भरली. खांब, तुळया, भार, गंजून बारीक झालेल्या सळया. पाऊण तास लागला. काका माझ्या मागे उभे होते. शेवटी उत्तर आलं तेव्हा समोरच्या कोपऱ्यातले सगळे खांब तळापासून वरपर्यंत लाल झाले.

"काय म्हणतंय?"

"टेकू देऊन चालणार नव्हतं, काका."

साडेतीनला साहेबांचा फोन आला. तो कोपरा बसला होता. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलऱ्या खाली आल्या, पाटलांचं दार चौकटीसकट रस्त्यावर आलं. लोक शेवटपर्यंत उतरायला तयार नव्हते, साहेब सांगत होते. सेक्रेटरींनी अक्षरशः एकेकाच्या पाया पडून उतरवलं. एक बाई अर्धा शिजलेला भाताचा कुकर तसाच उराशी धरून खाली आल्या होत्या आणि अजूनही तो कोणाला घेऊ देत नव्हत्या.

"सगळे?" काकांनी मला विचारलं.

मी फोनमध्ये विचारलं. "सगळे, काका. सगळे बाहेर आहेत."

ते भिंतीला टेकून खाली बसले. या वेळी खाली वर्तमानपत्र नव्हतं. म्हणाले, "मावशी, जरा पाणी द्या." मावशींनी दिलं. ते पीत असताना निम्मं अंगावर सांडलं.

तुम्ही म्हणाल, मग शेवट गोड झाला. बावीस कुटुंबं महापालिकेच्या शाळेत बाकं सरकवून राहिली, नंतर जो तो मिळेल तिकडे पांगला. साहेबांचं नाव झालं. वेळेवर निर्णय घेऊन प्राण वाचवले म्हणून लोकांनी शाल दिली, पुष्पगुच्छ दिला. साहेबांनी तो रिसेप्शनवर ठेवला. तो सुकायच्या आत त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"आपल्याला तो नेटवर्कवाला बदलायला हवा. न विचारता सर्व्हर उघडतो. उद्या परत काही झालं तर?"

मी उभी होते. त्याच आठवड्यात रिपोर्टवर माझंही नाव घालायचं ठरलं होतं. त्यासाठी मी नऊ वर्षं थांबले होते.

"हो, सर," मी म्हणाले.

"तुम्हीच फोन करा. तुमचं बरं आहे त्यांच्याशी."

मी फोन केला. जिन्यात जाऊन केला. वाक्यं जुळवून ठेवली होती, ती विसरले. त्यांनीच मला सोडवलं. "कळलं ताई. साहेबांचा राग बरोबर आहे." मग म्हणाले, "नवीन माणसाला एक सांगा. पॅन्ट्रीतला तो वेगळा बोर्ड आहे ना, तो काढू नका म्हणावं. मावशींचा चहा त्यावर आहे."

पुढे कळलं, आणखी दोन ऑफिसांनी त्यांना थांबवलं. ती साहेबांच्या मित्रांची होती. जेवताना कधी विषय निघाला असेल, साहेब सहज बोलले असतील, न विचारता हात लावणारा माणूस आहे म्हणून. एवढं पुरतं.

मी साहेबांना सांगितलं, पण सहा महिन्यांनी. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर. त्यांनी विचारलं, "तेव्हा का नाही बोललात?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता नवीन माणूस रुळलाय." मी काकांचा नंबर लावला. बंद होता. डोंबिवलीला जाऊन घर शोधायचं ठरवलं आणि गेले नाही. साहेबांना सांगायचं जसं आज-उद्या केलं होतं, तसंच.

मग एकदा सासूबाईंना गावच्या एसटीत बसवायला खोपटच्या डेपोत गेलेले. त्यांची गाडी सुटली आणि वळले तर समोरच्या बाकावर काका. पायाशी दोन पिशव्या आणि दोरीने बांधलेलं एक खोकं. काकू शेजारी होत्या. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. काका वाळले होते. मला बघून लगेच उठून उभे राहिले, ऑफिसात साहेब आल्यावर उठायचे तसे.

"ताई! इकडे कुठे?"

"तुम्ही कुठे निघालात?"

"गावी. आता तिकडेच. मुलीचं लग्न झालं, भावाचं घर आहे तिकडे. आणि इथे आता तुमचं सगळं क्लाउडवर गेलं. जमिनीवर बसून बघणारा माणूस कोणाला पाहिजे?" म्हणाले आणि हसले. काकू हसल्या नाहीत.

मी एका दमात सगळं बोलून टाकलं. कार्ड मी बदलायला सांगितलं होतं, त्या दिवशी मी उठायला हवं होतं, केबिनमध्ये तरी बोलायला हवं होतं, फोन तर मी करायलाच नको होता. आजूबाजूचे लोक बघत होते. मला वाटत होतं, ते आता म्हणतील, जाऊ द्या ताई, झालं गेलं. त्यांचा स्वभावच तसा होता. मावशींचं त्यांनी झाकलं, माझं झाकलं. मी त्या एका वाक्याची वाट बघत उभी होते.

ते माझ्याकडे सरळ बघत म्हणाले, "हो ताई. बोलायला हवं होतं."

रागाने नाही म्हणाले. अगदी शांतपणे.

काकूंनी त्यांच्या बाहीला हात लावला. गाडी लागली होती. मी खोकं उचलायला पुढे झाले, त्यांनी ते मला उचलू दिलं. चांगलं जड होतं. मी ते वर चढवून दिलं आणि खाली उतरले. खिडकीत ते दिसले. काहीतरी विचारत होते. इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना, मी कान पुढे केला.

"कोपरीची ती माणसं. त्यांना घरं मिळाली का?"

मला माहीत नव्हतं. आमचा रिपोर्ट गेला होता, फाइल बंद झाली होती. मी नुसती मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते त्यांना कळलं नसावं, कारण ते खिडकीतून तसेच बघत राहिले.

गाडी मागे झाली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. मी पाटी वाचली होती. कोकणातल्या शेवटच्या गावाची पाटी होती ती, दहा तासांच्या वाटेवरची. मधल्या कोणत्या थांब्यावर ते उतरणार, हे मी विचारलंच नव्हतं.